दोन मालकांची म्हैस

उशिरा आलेल्या मुलाला आमच्या इंग्रजीच्या सरांच्या वर्गात शिरायचं तर दारात उभं राहून एक इंग्रजी वाक्य बोलावं लागायचं, आणि ते नवं असावं लागायचं. ‘मे आय कम इन सर’ हे त्यांना चालत नसे. ते ऐकून ऐकून कान किटलेत, असं ते म्हणत. आमच्या वर्गातला एक पोरगा दिवसाआड उशिरा यायचा. एकदा दारात बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, ‘सर, माय फादर इज स्लीपिंग.’ सरांनी त्याला आनंदानं आत घेतलं. पुढच्या वेळी त्याची आई झोपली, त्याच्या पुढच्या वेळी आजोबा. मग मात्र सरांनी हात आडवा केला. सगळं घर झोपवलंस, आता एकेकाला इंग्रजीतूनच उठव आणि मग आत ये, असं त्यांनी सांगितलं. त्यानं आजोबांपासून सुरुवात केली. तास संपत आला तरी तो दारातच होता, पण त्या दिवसापासून त्याची इंग्रजीची भीड गेली ती कायमची.

सर मूळचे नगरचे. पारनेरला एक खोली घेऊन राहत आणि तिथून बायकोच्या जुन्या गुलाबी स्कूटीवरून आमच्या गावच्या शाळेत येत. माणूस चांगला उंच, त्यामुळे गुडघे हँडलला लागायचे. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून त्याची गाठ हनुवटीखाली मारलेली असायची. रस्त्यानं शेतावर निघालेल्या बाया लांबून त्यांना बाईच समजायच्या आणि स्कूटी जवळ आली की तोंडाला पदर लावून हसायच्या. सरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा डावा कान जवळपास बंदच होता, आणि धुळीनं उरलेला कानही जाईल अशी त्यांना धास्ती होती.

या कानाचा आम्हाला फार जाच. कुणी तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं की सर डेस्कवर वाकून उजवा कान त्याच्यापुढं धरायचे. ‘चुकायचं असेल तर मोठ्यांदा चुक,’ असं ते म्हणत. ‘हळू चुकलास तर मला ऐकू येत नाही. मग मी दुरुस्त काय करू?’ त्यांचा स्वतःचा आवाज म्हणजे दोन वर्ग पलीकडं भूगोल शिकणाऱ्यांनाही इंग्रजी ऐकू यायचं. रविवारी ते नगरला घरी जात आणि चर्चमध्ये बायबलचं शास्त्रवाचन करत. त्यांचे वडीलही तेच करायचे. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीनं मान हलवली पाहिजे, नाही तर वाचलंच नाही असं समजायचं, ही वडिलांची शिकवण. नाताळाच्या सुट्टीनंतर सर एक मोठा डबा भरून करंज्या आणि शेव आणायचे आणि त्या खातानासुद्धा कुणाला गप्प बसू द्यायचे नाहीत.

गाईड या वस्तूशी त्यांचं वैर होतं. गाईडातून उतरवलेलं उत्तर त्यांना पहिल्या ओळीतच कळायचं, कारण आमच्यापैकी कुणालाही एवढं गुळगुळीत लिहिता येत नव्हतं. पण ते गाईड फाडत नसत की कुणाला मारत नसत. आमच्या वर्गातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. जप्त केलेली गाईडं त्या पायाखाली जायची. दिवाळीपर्यंत टेबल दुसऱ्या बाजूला कलायला लागलं, तेव्हा सरांनी दुसऱ्या पायाखाली सुरुवात केली.

आता एवढ्या वेड्या माणसाविषयी गावात कुरकुर होणारच. सर प्रश्नांची उत्तरं लिहून देत नाहीत, निबंध पाठ करून घेत नाहीत, नुसतं पोरांना ओरडायला लावतात, अशा तक्रारी संस्थेपर्यंत गेल्या. त्यात आदल्या वर्षी दहावीचा इंग्रजीचा निकाल पडला होता. मग संस्थेनं ठरवलं की निरीक्षक साहेब येतील, दहावीच्या मुलांना लिहितावाचता येतं का ते स्वतः बघतील, आणि समाधान झालं नाही तर सरांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कर्जतच्याही पलीकडच्या शाखेत करतील. दहावीचं इंग्रजी मग दुसऱ्या कुणाकडं तरी जाईल. दुसरं म्हणजे कोण, ते आम्हाला चांगलं माहीत होतं. त्या गुरुजींच्या तासाला फळ्यावरचं वहीत उतरवायचं आणि वहीतलं डोक्यात कोंबायचं, एवढंच काम असायचं.

ही गोष्ट आम्हाला खुद्द सरांनीच सांगितली. सोमवारी वर्गात आले, रुमाल सोडला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘शनिवारी साहेब येणार आहेत. तुम्हाला येतंय असं त्यांना वाटलं तर मी राहीन. नाही वाटलं तर जाईन. तिकडं ऊन फार आहे म्हणतात.’ मुख्याध्यापकांनी त्यांना जपून सुचवलं होतं की आठवडाभर एक निबंध आणि एक उतारा घोकून घ्या, साहेबांना तोच विचारायला सांगू. सरांनी ते ऐकलं नाही, आणि यात दोष त्यांच्या कानाचा नव्हता.

त्याऐवजी त्यांनी आमच्या हातात झेरॉक्सचा एकेक कागद ठेवला. त्यावर त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेल्या गोष्टीचा पहिला भाग होता. बापू नावाचा एक माणूस आपली म्हैस बाजारात एका व्यापाऱ्याला विकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर म्हैस अंगणात उभी, गळ्यात तुटकं दावं. एवढंच. आठवडाभराचा गृहपाठ असा होता. रोज एक भाग मिळणार. तो घरी वाचायचा, आणि उद्या काय होईल ते आपल्या मनानं इंग्रजीत लिहून आणायचं. आमचं लिहिलेलं वाचून सर पुढचा भाग लिहिणार, ज्याची कल्पना पटेल त्याची गोष्टीत घालणार. इथपर्यंत ठीक होतं. पण वाचलेलं दाखवायचं कुणाला, तर डेअरीवर. सकाळी दूध घालायला लोक रांगेत उभे असतात, तिथं जाऊन एकानं तो भाग मोठ्यांदा इंग्रजीत वाचायचा, आणि मग मराठीत सांगायचा.

मला तर घाम फुटला. मी वर्गात नुसते ओठ हलवणारी मुलगी. डेअरीच्या रांगेत माझी आई असायची, चुलते असायचे, निम्मं गाव असायचं. सुदैवानं पहिल्या दिवशी सरांनी त्या झोपाळू घराण्यातल्या पोराला उभं केलं.

डेअरी म्हणजे एका पत्र्याच्या खोलीतलं दूध संकलन केंद्र. तिथले अण्णा दुधाचं सॅम्पल घ्यायचे, फॅट बघायचे आणि माप लिहायचे. पोरगा क्रेटवर उभा राहून वाचायला लागला तेव्हा कुणी लक्षच दिलं नाही. अण्णांचं मशीन घरघरत होतं, किटल्या आपटत होत्या. सर दाराशी रुमाल बांधून उभे. मग पोरानं मराठीत सांगायला सुरुवात केली आणि म्हैस परत आली म्हटल्याबरोबर रांग गप्प झाली. म्हैस परत येणं म्हणजे काय, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं. एका म्हातारीनं विचारलं, दावं कापलेलं होतं का तुटलेलं? पोरानं कागदात बघितलं आणि छाती काढून सांगितलं, तुटलेलं. पुढं काय झालं ते उद्या, असं सरांनी जाहीर केलं तेव्हा लोक चक्क नाराज झाले.

दुसऱ्या दिवशी बापू म्हैस व्यापाऱ्याकडं पोचवून येतो आणि ती परत येते. वाचन चालू होतं तेवढा वेळ अण्णांनी मशीन बंद ठेवलं. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, तरी सगळे कान देऊन ऐकत होते. त्या दिवशी वाचणारी पोरगी अडखळली की रांगेतून धीर यायचा. पण खरी धमाल पुढंच होती. उद्याची गोष्ट आम्ही लिहितो आणि त्यातलं सर घेतात, हे लोकांना कळलं. मग काय विचारता. रस्त्यानं जाताना कुणीही थांबवायचं. म्हशीला रेडकू दाखव, रेडकासाठीच येतीय ती. बापूची बायको तिला अंबोण खाऊ घालते असं लिही. माझ्या आईनं तर भाकरी थापता थापता मला अख्खा परिच्छेद सांगितला, आणि तो इंग्रजीत कसा लिहायचा या विवंचनेत मी दोन कागद खराब केले. एरवी गृहपाठाला टाळाटाळ करणारी पोरं आता शब्दकोशावरून भांडायला लागली. लोकांना जे म्हणायचं होतं ते आम्हाला इंग्रजीत म्हणता येत नव्हतं, आणि ते म्हटल्याशिवाय लोक सोडत नव्हते.

यातूनच एक भानगड उभी राहिली. सरांच्या गोष्टीतला व्यापारी जरा खवचट होता. बापूच गुपचूप म्हशीला बोलावून घेतो, असा आळ तो घेतो. आता आमच्या गावात म्हशींचा व्यापार करणारे एक तात्या होते. डेअरीवरच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की गोष्टीतला व्यापारी म्हणजे तात्याच. मिशा त्यांच्यासारख्याच, बोलणं त्यांच्यासारखंच. वास्तविक गोष्टीत मिशांचा उल्लेखही नव्हता. पण कुणी तरी तात्यांच्या कानावर घातलं की शाळेत तुमच्यावर इंग्रजीत लिहून आलंय.

तात्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. मला इंग्रजीतून बदनाम केलं, मी संस्थेत जातो, शनिवारी तुमचा साहेब येतोय त्यालाच सांगतो, असा त्यांनी आवाज चढवला. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. आधीच तक्रारी, त्यात ही एक. सरांना बोलावणं आलं, आणि सर येताना मला घेऊन आले. का, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी माझ्या हातात कागद दिला आणि तात्यांना म्हणाले, तुमचं नाव कुठं येतंय ते ही वाचेल, आलं की हात वर करा.

मी वाचायला लागले. आवाज फुटत नव्हता. तात्या कडाडले, ‘मोठ्यानं वाच की. मला काय ल्हिलंय ते ऐकू तर येऊ दे.’ माझी भीती इतकी वाढली की उलट जीभ सुटली. मी ओरडून वाचलं, चुकत वाचलं, आणि एकेक वाक्य वाचून लगेच मराठीत सांगत गेले. आज मी नगरच्या एका कंपनीत परदेशातल्या माणसांशी दिवसभर फोनवर इंग्रजी बोलते. पण माझं पहिलं गिऱ्हाईक तात्याच.

ऐकता ऐकता तात्या खुर्चीवर टेकले. हात काही वर गेला नाही. कागद संपल्यावर त्यांनी मिशी चोळली. मग मला म्हणाले, ‘पोरी, म्हस पळून आली ह्यात त्या यापाऱ्याचा काय गुन्हा? त्यानं इकत घेतलीया. त्यो बी सकाळच्याला उठून रिकाम्या दावणीकडं बघत आसंल. हे ल्ही. तुज्या इंग्रजीत बसत आसंल तर ल्ही.’

मी लिहिलं. बसवता बसवता जीव गेला, पण बसवलं. आणि दुसऱ्या दिवशीच्या कागदात व्यापारी रिकाम्या दावणीपाशी उभा होता. सरांनी माझी दोन वाक्यं होती तशी, चुका काढून, घेतली होती. तो भाग डेअरीवर मीच वाचला. तात्या रांगेत नव्हते, कारण ते दूध घालत नसत. ते रांगेच्या बाजूला खास ऐकायला आले होते. शुक्रवारच्या त्या भागाच्या शेवटी व्यापारी बापूच्या दारात येऊन उभा राहतो. म्हैस आत गोठ्यात, बापूची बायको गोठ्याच्या दारात आडवी, आणि बापू नि व्यापारी समोरासमोर. तोपर्यंत गावात दोन तट पडले होते. निम्मे बापूचे, निम्मे व्यापाऱ्याचे.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्यामुळे डेअरीवर वाचन नव्हतं. साहेब जीपनं आले. गंभीर माणूस, हातात फाईल. वर्गात मागं खुर्ची टाकून बसले, मुख्याध्यापक शेजारी. साहेबांनी आमच्या गोष्टीच्या कागदांवर नजर टाकली आणि एकदोघांना वाचायला सांगितलं. वाचन चांगलं झालं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ‘हे मुलांनी पाठ केलंय,’ ते सरांना म्हणाले. ‘शाळाशाळांतून हेच बघतो मी.’

सरांनी वाद घातला नाही. शेवट अजून लिहिलेला नाही, तो ही मुलंच लिहिणार आहेत, एवढं त्यांनी सांगितलं. पाठ केलाय अशी शंका असेल तर शेवटाचं पहिलं वाक्य आपणच द्यावं. साहेबांनी फाईल मिटली. थोडा विचार केला, उठले, खडू घेतला आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं की दोघं गोठ्यात गेले, तर गोठ्यात म्हैस नव्हती.

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच खिडक्यांत उजेड कमी झाला म्हणून आम्ही वळून बघितलं. डेअरीवरून परतलेले लोक रिकाम्या किटल्या घेऊन खिडक्यांना लागले होते. आज शेवट आहे आणि तो साहेबांसाठी राखून ठेवलाय, ही बातमी फुटली होती. अण्णासुद्धा केंद्र बंद करून आले होते. तात्या पहिल्या खिडकीत होते. माझ्या आईनं बाहेरूनच कुणाला तरी विचारलं, साहेबांनी काय लिहिलं? तो झोपाळू पोरगा जागेवरूनच मोठ्यांदा म्हणाला, ‘म्हस गोठ्यात न्हाई.’ बाहेर हलकल्लोळ झाला. मुख्याध्यापक त्यांना हाकलायला उठले, पण साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

आम्ही लिहायला लागलो. असं लिहिणं मी नंतर कधी पाहिलं नाही. कुणी कुणाच्या कागदात डोकावत नव्हतं, कारण दुसऱ्याची म्हैस कुठं गेली याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. प्रत्येकाला आपली शोधायची होती. सर खिडकीशी उभे होते. खिशातला रुमाल काढून ते त्याची घडी मोडत होते आणि पुन्हा घालत होते. या माणसाला आम्ही कुठंही जाऊ देणार नाही, असं मनाशी म्हणत मी लिहीत होते.

मग साहेब एकेकाला उभं करत गेले. एकाच्या गोष्टीत म्हैस बाजारात जाऊन पूर्वीच्याच खुंटापाशी उभी राहिली होती. एकीच्या गोष्टीत बापूच्या बायकोनं तिला माहेरी नेऊन बांधलं होतं. झोपाळू पोराची म्हैस गोठ्याच्या मागं झोपली होती. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. वाचून झालं की खिडक्यांसाठी मराठीत सांगायचं, आणि बाहेरून पसंती नापसंती यायची. साहेब आता फाईल विसरून पुढच्या बाकावर येऊन बसले होते. एका पोराला त्यांनी विचारलं, अरे पण म्हैस एवढी लांब एकटी जाईल का? पोरानं इंग्रजीतच उत्तर दिलं की साहेब, ती विचारून जात नाही.

शेवटी माझी पाळी आली. माझ्या गोष्टीत दोघं मिळून म्हैस शोधायला निघतात. बापूच्या आणि व्यापाऱ्याच्या गावांच्या मधे एक पाझर तलाव आहे, तिथं ती गळ्याइतक्या पाण्यात बसलेली सापडते. बापू हाक मारतो, ती कान हलवते. व्यापारी हाक मारतो, ती कान हलवते. ज्याच्या काठानं बाहेर येईल त्याची, असं ठरवून दोघं दोन काठांवर बसतात. म्हैस बाहेर येत नाही. दुपार होते. बापूची बायको दोघांना पुरेल एवढी भाकरी घेऊन येते. मी वाचलं, आणि मोठ्यांदा वाचलं. मग मराठीत सांगितलं.

बाहेर दोन्ही तट तात्यांच्या तोंडाकडं बघत होते. तात्यांनी खिडकीचे गज धरले आणि सावकाश म्हणाले, ‘बराबर हाय. म्हस पान्यात बसली म्हंजी मालक दोगं बी सारखंच. हे आसंच हुतं.’

साहेब हसायला लागले, ते बराच वेळ हसतच राहिले. मग उठून मुख्याध्यापकांना म्हणाले, ‘आता यांची बदली केली, तर या लोकांना पुढची गोष्ट कोण सांगणार? मी?’ मुख्याध्यापक गोंधळून नुसतेच मान हलवायला लागले. आमच्यात चुळबुळ सुरू झाली. हे हो म्हणायचं का नाही, ते कुणालाच उमजेना. सर जागचे हलले नव्हते.

तात्यांना असलं आडवळणाचं बोलणं सोसत नसे. ते खिडकीतून म्हणाले, ‘सायेब, ते समदं ऱ्हाऊ द्या. सर ऱ्हात्यात का जात्यात, तेवडं सांगा.’

साहेबांनी सरांकडं बघितलं, मग खिडकीकडं वळले. ‘ऱ्हात्यात,’ ते म्हणाले.

पुढं काय झालं ते नीट सांगताच येत नाही. कुणी तरी किटलीवर हात मारला आणि मग सगळ्या खिडक्यांतून किटल्या वाजायला लागल्या. आई रडत रडत किटली बडवत होती. आम्ही बाकांवर चढून ओरडत होतो, कुणी मराठीत, कुणी इंग्रजीत, आणि सर मधोमध उभे राहून डोळे पुसत होते. मुख्याध्यापकांनी कुणालाही खाली उतरायला सांगितलं नाही.